एक फूट कमी

धरणाच्या भिंतीवरची पट्टी वाचून पाण्याची पातळी कळवायची, एवढंच माझं काम. पण आमच्याकडे आकडा जसाच्या तसा पुढे जात नाही. माझ्या आधीच्या माणसाने एकदा खरा आकडा कळवला. खालची वस्ती हलवावी लागली, मंत्र्यांची सभा बारगळली आणि नेमका पाऊस थांबला. महिन्याभरात त्याची उचलबांगडी झाली. तेव्हापासून मी एक फूट कमी कळवतो. एका फुटाने काय आभाळ कोसळणार आहे!

आज सकाळी पाणी एकेचाळीसवर होतं. मी चाळीस कळवले. बेचाळीसला दरवाजे उघडावेच लागतात, नाहीतर भिंतच जाईल.

अकराला रेडिओवर बातमी आली: पाणी अडतीस फुटांवर, खालची वस्ती न हलवण्याचा सरकारचा निर्णय.

अडतीस? त्या वस्तीत माझी धाकटी बहीण राहते, दोन पोरींना घेऊन.

मी इंजिनिअरसाहेबांना फोन लावला. "साहेब, मी चाळीस दिले होते."

"मी एकोणचाळीस करून पाठवले. पुढच्यानेही एक उडवला असणार. वर चाळीस खपत नाही, माहीत आहे ना तुला?"

"खरे एकेचाळीस होते, साहेब. आता साडेएकेचाळीस आहेत."

"म्हणजे तूसुद्धा?" मग ते म्हणाले, "अर्ध्या तासात दरवाजे उघडावे लागतील. वस्तीचा आदेश मंत्रीच बदलू शकतात, आणि ते बैठकीत आहेत."

मला संताप आला, त्यांचा आणि माझाही. मोठ्या बैठकीतला तो निर्णय आम्हा तिघा भित्र्यांच्या आकड्यावर उभा होता.

मी बहिणीला फोन केला. "अगं, पोरींना घे आणि टेकडीवर जा. आत्ताच्या आत्ता!"

"असं काय करतोस, दादा? रेडिओवर सांगितलं की. लोकांनी बोचकी बांधली होती, मीच सोडायला लावली. म्हटलं, आकडा माझा भाऊ घेतो, तो खोटं सांगायचा नाही."

"मी खोटं सांगितलंय," मी ओरडलो. "नेहमीच सांगतो. जा, गल्लीभर सांग!"

फोन तसाच ठेवून ती दाराकडे धावली असावी, कारण तिचा आवाज लांबून आला.

"निघा सगळे! माझा भाऊ खोटारडा आहे! निघा!"