संपदाच्या नावाच्या ओळी

दुबईजवळच्या रास अल खैमातल्या त्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चपला पार लिफ्टपर्यंत गेल्या होत्या. सगळ्यांचे डोळे एका कॉम्प्युटरवर. समोर राजाभाऊ महाराज, एक हात खिशात.

"संपदाताई, आलात का?"

काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली. सुरुवातीलाच नाव, संपदा. बायका रडायला लागल्या.

"हे कंपनीचं मशीन," महाराज गरजले. "ॲडमिनच्या परवानगीशिवाय इथे काही चालत नाही. तो पासवर्ड ताईंकडेही नव्हता. मग लिहितंय कोण, हबीबी? आत्म्याला परवानगी लागत नाही!"

संपदाचा नवरा धनंजय भिंतीला टेकून उभा होता. तिला जाऊन सात आठवडे झाले होते. हे खोटं आहे असं त्याला वाटायचं, आणि खरं असावं असंही वाटायचं. पण नऊ वर्षांची शुभ्रा दहा दिवस शाळेत गेली नव्हती. "लेक मशीनसमोरून उठली की आई जाईल," असं महाराजांनी बजावलं होतं.

"शुभ्रा, उद्या तरी शाळेत जा ना, बाळा."

"नो, पपा. ममा विल गो अवे."

तेवढ्यात संपदाच्या ऑफिसातली रुपाली मशीन परत न्यायला आली. दारातूनच तिने तमाशा पाहिला.

"महाराज, फोन टेबलावर ठेवा आणि मग हाक मारा."

"देवाच्या कामात फोन कशाला?"

"काम नाही ना त्याचं? मग द्या की!"

लोक बघत होते. महाराजांनी फोन ठेवला. तीनदा हाक मारली, ओळ आली नाही.

"ताई रागावल्या," महाराज पुटपुटले.

रुपालीने फोन शुभ्राकडे दिला. "वायफाय बंद कर. आता चालू कर."

ओळ आली. रुपालीने पडद्यावरची चौकट ओढून रुंद केली. इतके दिवस कापलं गेलेलं शेपूट दिसलं, 'राजाभाऊ आयफोन, जोडला'. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. भजन लावायला म्हणून महाराजांनी पहिल्याच दिवशी वायफायचा पासवर्ड मागून घेतला होता, आणि फोन जोडताच ओळ उमटते हे हेरलं होतं.

"घरचं वायफाय सारखं तुटायचं," रुपाली म्हणाली. "म्हणून कोणता फोन कधी जोडला, कधी तुटला, याची नोंद ठेवणारा प्रोग्राम संपदाने लावला. त्याला ॲडमिन लागत नाही, साध्या खात्यावरही चालतो. तिच्या खात्यावर चालतोय, म्हणून प्रत्येक ओळीपुढे तिचं नाव."

महाराज चपला शोधायला लागले.

"भावोजी, प्रोग्राम बंद करू?" रुपालीने धनंजयला विचारलं.

"मग तिचं नाव येणार नाही?"

"नाही."

धनंजय खाली बसला. ओळी मागे नेत नेत अकरा मार्चवर थांबला. 'संपदा फोन, तुटला. सकाळी ७.४२.' स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलं तेव्हा फोन तिच्या हातात होता.

"हे बघ बाळा, आई इथून गेली ती वेळ. पुढे हजारो ओळी आहेत. तिच्या फोनची एकही नाही."

सात आठवड्यांत शुभ्रा पहिल्यांदा मोठ्याने रडली. धनंजयही रडला. मग त्यानेच प्रोग्राम बंद केला.

ज्यांचं माणूस गेलंय त्यांना एवढंच सांगणं आहे. गेलेल्याला कुणी बोलवून दाखवू लागला, तर आधी त्याचा हात खिशाबाहेर काढायला लावा. आणि मग पोटभर रडा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.