पडक्या चर्चपर्यंत

धाकट्या सुनेला, आरोहीला, बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला डिंगोऱ्याहून गाडी निघाली, तेव्हा सरूबाई म्हणाल्या, "म्या बी येते. समुद्र कुठं बघितलाय म्या?" मग थोरल्या सुनेला, वैजयंतीलाही सोबत जावं लागलं. गाडी धाकटा मुलगा, आरोहीचा नवरा अमृत चालवत होता. माळशेज उतरताना आरोहीला मळमळलं तर सासूबाई तिची पाठ चोळत बसल्या. वैजयंती पुढच्या सीटवर होती. मागं वळून बघायचं नाही, असं ठरवूनही ती बघत होती.

वैजयंतीची आई ती लहान असतानाच वारली होती. लग्न होऊन डिंगोऱ्यात आल्यावर सासूच्या मागं मागं फिरून तिनं स्वयंपाक, शेत, सगळं शिकून घेतलं. तरी तोंडातून 'आई' न निघता 'आत्या'च निघायचं. आरोही आली आणि पहिल्याच दिवशी "आई, चहा ठेवू?" म्हणाली. सरूबाई हरखून गेल्या होत्या.

आरोहीचं माहेर रेवदंड्याच्या अलीकडं, नारळी-पोफळीच्या वाडीत. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर ती म्हणाली, "आई, चला, आमचं जुनं चर्च दाखवते. पोर्तुगीजांच्या वेळचं. वाट सपाट आहे, गप्पा मारत जाऊ."

"चल की," सरूबाई लगेच उठल्या.

वैजयंतीनं ताटली जरा जोरातच ठेवली. लेण्याद्रीला चला म्हणून तिनं किती वेळा विनवलं होतं. डोली करू म्हणाली होती. दर वेळी उत्तर एकच, "गुडघं न्हाई ऐकत गं."

वाट खरंच सोपी होती. दोन्हीकडं वाड्यांचे दगडी गडगे, पाटातून पाणी चाललेलं, अंगणात सुपारी वाळत पडलेली. भेटेल तो आरोहीला विचारायचा, "कधी आलीस गो?" आणि ती सांगायची, "ह्या माझ्या सासूबाई." हात धरून दोघी पुढं. वैजयंती मागं, हातात पाण्याची बाटली आणि दोघींच्या चपला. मधे वाळू लागली तेव्हा त्यांनी काढून दिल्या होत्या. तिची ओळख कुणाला करून द्यायचं आरोहीला सुचलं नाही.

चर्चला छप्पर नव्हतं. भिंतींतून वडाची मुळं उतरली होती आणि मोठ्या कमानीतून समुद्राचा तुकडा दिसत होता. सरूबाईंनी आत शिरताना पदर डोक्यावर घेतला, हात जोडले.

"किती शांत हाय," त्या म्हणाल्या. "आरोही, लई ब्येस केलंस मला आणलंस."

आरोही शहाळी आणायला शेजारच्या वाडीत गेली. सासूजवळ आता वैजयंती एकटीच होती. तिला राहवलं नाही.

"आत्या, तिला डिंगोऱ्याला परत यायचंच न्हाई. बाळ झालं की अमृतभावजींना घेऊन पुण्यात खोली करणार हाय. मला म्हणाली, कुणाला सांगू नका."

आरोही शहाळी घेऊन आली, तर सरूबाईंनी हात पुढं केला नाही. "पुण्याला जायचं म्हणतीस?"

आरोहीनं आधी वैजयंतीकडं पाहिलं. मग म्हणाली, "हो आई. तिकडं मला नोकरी मिळतेय. बाळ झाल्यावर मीच सांगणार होते."

"आन् तुला ठावं व्हतं?" सरूबाई थोरलीकडं वळल्या. "घरी एवढे दिस गप ऱ्हायलीस. हितंच का बोललीस?"

"माझ्यासंगं तुमी कधी एवढं चालला का?" वैजयंतीचा आवाज त्या उघड्या भिंतींत मोठा झाला. "एकदा तरी?"

"तू रोजची हाईस गं," सरूबाई एवढंच म्हणाल्या. ते ऐकून तिला बरं वाटावं की वाईट, हे वैजयंतीला कळेना.

परतताना सरूबाईंनी वैजयंतीचा खांदा धरला. आरोही एकटीच पुढं चालली होती, एका हातानं कंबर धरून.

सकाळी गाडी निघाली. आता मागच्या सीटवर सासूशेजारी वैजयंती होती. सरूबाई पनवेलपर्यंत डोळे पुसत होत्या, डोकं तिच्याच खांद्यावर. जागा तिला मिळाली होती, पण रडणं धाकटीसाठी होतं. त्या रडण्याचाही तिला हेवा वाटला.

मुरबाडला चहाला थांबल्यावर तिनं बाजूला जाऊन आरोहीला फोन लावला. पहिल्यांदा उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा आवाज आला, "बोला ताई."

"माझं चुकलं."

"हो, चुकलं," आरोही म्हणाली. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता." मग ती म्हणाली, "पण मी जाणार आहे, ताई."

"जा. बाळाला घेऊन येत जा मातुर. आत्या लई वाट बघतील."

'जा' म्हणताना वैजयंतीला आतून हलकं वाटलं. त्याची तिला लाज वाटली, तरी हलकं वाटायचं थांबलं नाही. गाडीतून सरूबाईंनी हाक मारली, "वैजू, माझा चहा निवला गं." ती फोन बंद करून लगबगीनं गेली.