शर्टांच्या शेपट्या

नेम चुकला की शर्टाची शेपटी कापायची, ही मिनेसोटातल्या त्या गावाची जुनी रीत. हरणाच्या मोसमात ज्याची गोळी वाया गेली, त्याच्या शर्टाचा मागचा घोळ बारवाली ओल्गा चारचौघांत कात्रीने कापायची आणि नाव घालून भिंतीवर ठोकायची. भिंत गोधडीसारखी रंगीत झाली होती. अर्लिसची शेपटी मात्र त्यात नव्हती.

"असेल कशी?" तिचा दीर वेंडल खिदळायचा. "आमची वहिनी बंदूक उचलते, मागे काय आहे ते बघते आणि हरणाला टाटा करून घरी येते!"

अर्लिस नव्या शिकाऱ्यांना बंदूक सांभाळून वापरायला शिकवायची. हरणाच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, हा तिचा पहिला धडा आणि शेवटचाही. लोक हसोत, ती बधणारी नव्हती.

यंदा मात्र प्रकरण पेटलं. आजवर तिथे हरणावर फक्त शॉटगन चालायची. रायफललाही परवानगी मिळावी म्हणून वेंडलने रान उठवलं होतं. कौंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मंडळ जाहीर सभेत निकाल देणार होतं. डोंगराळ मुलखात रायफलला अर्लिसची ना नव्हती. पण रायफलची गोळी शॉटगनच्या कितीतरी पट लांब जाते, आणि इथली जमीन परातीसारखी सपाट, मका कापून मोकळी झालेली. वेंडलच्या रानापलीकडे, शेत संपतं तिथे, अर्लिसच्या घरासमोर, तिची नातवंडं सकाळी शाळेच्या बसची वाट बघत उभी राहायची.

सभेत वेंडल बोलला, आणि झकास बोलला.

"शॉटगनची गोळीसुद्धा दगडावर आपटून कुठेही उडते. रायफलचा धक्का कमी, नेम पक्का. आणि आम्ही काय आंधळे आहोत? आमची गोळी हरणातच जाते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अर्लिस उठली आणि तिने हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. ओल्गाच्या भिंतीवरच्या सगळ्या शेपट्या बाहेर पडल्या.

"ज्याची त्याने उचला," ती म्हणाली.

एकच हशा पिकला. "अरे, हा तर माझा लग्नातला शर्ट!" म्हातारा स्टॅनली ओरडला.

"छान. आता एवढंच सांगा, स्टॅनली. हरणाला लागली नाही, ती गोळी थांबली कुठे?"

"शेतात... असेल."

"असेल?"

हशा विरला. हातात शेपटी धरलेला जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. अर्लिसने एक हिरवी चौकड्याची शेपटी उचलून दिरापुढे धरली.

"भाऊजी, तुमची गोळी कुठे थांबली?"

वेंडल तोंडाळ होता, लबाड नव्हता. त्याने ती चिंधी उलटीपालटी केली.

"ठाऊक नाही, वहिनी." मग खालच्या आवाजात, "तोंड तुझ्या घराकडे होतं माझं."

"शॉटगनची होती, वाटेत पडली. रायफलची असती तर?"

वेंडलने चिंधी खिशात घातली. अध्यक्षांकडे वळून तो म्हणाला, "माझी मागणी मी मागे घेतो." मंडळाच्या सगळ्यांनी शॉटगनच्या बाजूने हात वर केले. सभागृह दणाणून गेलं, आणि सगळ्यात जोरात टाळ्या स्टॅनलीच्या होत्या. अर्लिसला रडू आलं, ते तिने लपवलंही नाही.

मोसमाच्या पहिल्या सकाळी गावाबाहेरच्या खाणीतून काढलेल्या मुरमाच्या टेकाडापुढे भलामोठा शिंगाळा नर येऊन उभा राहिला. अर्लिसने नीट बघितलं. मग शॉटगन एकदाच कडाडली.

नारिंगी जाकिटातला वेंडल धापा टाकत धावत आला. इतकी वर्षं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: शिंगाला फाटे किती? आज शिंगांकडे त्याची नजरही गेली नाही.

"वहिनी, मागे काय होतं?"

"टेकाड, भाऊजी," अर्लिस म्हणाली. "गोळी त्यातच आहे. खणून दाखवू?"