पाण्याच्या बदल्यात कॉम्प्युटर

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण नागावच्या एका वाडीत कॉम्प्युटरलाही विहिरीसारख्या पाळ्या होत्या.

विहीर एक, घरं दोन, म्हणून पाणी पाळीपाळीने सोडायचं ही तिथली जुनी रीत. नवरा जहाजावर गेल्यावर दिशाने सासऱ्यांना, हरेश्वरभाऊंना, पटवून होमस्टे काढलं. चार खोल्या सामाईक, कॉम्प्युटरही सामाईक. मग त्यालाही पाण्याचाच कायदा लागला. सकाळी हरेश्वरभाऊ, दुपारी त्यांची विधवा भावजय नीराबाई, संध्याकाळी दिशा. ज्याचा त्याचा पासवर्ड. एकाने घेतलेलं बुकिंग दुसऱ्याला दिसायचं नाही. आणि दुसऱ्याच्या पाळीत बटणाला हात लावणं म्हणजे पाणी चोरणं!

शनिवारी जेवताना हरेश्वरभाऊ सहज म्हणाले, "अगं, आज डोंबिवलीची मंडळी येतायत. चारही खोल्या दिल्यायत."

दिशाचा घास हातातच राहिला. त्याच चार खोल्या तिने आजसाठीच पुण्याच्या मंडळींना देऊन ठेवल्या होत्या. फोन करून त्यांना थांबवावं, तर नंबर होता कॉम्प्युटरमध्ये, तिच्या पासवर्डाआड. आणि सासऱ्यांनी आधीच बजावलेलं, "एक जरी पाहुणा दारातून परत गेला ना, तर पडवीत भिंत घालीन आणि खोल्या वाटून मोकळा होईन." भिंत उभी राहिली की होमस्टे आडवं. मग पुन्हा अलिबागेत कुणाच्या तरी दुकानात साड्यांच्या घड्या घालायच्या.

ती धावली. नीराबाई बिरड्याचे वाल सोलत कॉम्प्युटरवर कीर्तन बघत बसलेली.

"काकी, पाच मिनिटं उठा. पाया पडते तुमच्या."

"पड की. पन पाळी माझी हाय."

"अहो, पुण्याची बस वडखळ सोडून पुढे आली असेल!"

"येऊं दे. चैतात तुझ्या सासऱ्यानं माझ्या पाळीत पाट फोडला, माझी रोपं करपली. तवा मीबी अशीच वरडत व्हते. कोन उठलं व्हतं?"

दिशाला रडू फुटलं. रडता रडता तिने जे तिच्या हातात नव्हतं तेच देऊन टाकलं. "आमची आजची पाण्याची पाळी घ्या. उद्याचीही घ्या. मामंजींना मी सांगेन."

नीराबाई वालांचं भांडं टाकून उठली. दिशाने पासवर्ड मारला, चुकला, पुन्हा मारला. पडदा उघडला, पुण्याचं नाव दिसलं, आणि सगळं काळं झालं. नीराबाईने थेट विहिरीवर जाऊन मोटर लावली होती. मोटर लागली की त्या घरातले दिवेसुद्धा मान टाकतात, तिथे कॉम्प्युटर कसला तगतोय!

"काकी, मोटर बंद करा!"

"आता पानी माझं!" विहिरीवरून उत्तर आलं.

तेवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला. त्याच्यामागे दुसरा.

पण दिशा हरते काय! डोंबिवलीकरांना तिने खोल्या दिल्या आणि पुणेकरांना थेट पोफळींच्या शेंड्यांवर चढवलं. दोन-दोन पोफळी वाकवून गाठ मारली, मधे झोळ्या बांधल्या. चहा शिंकाळ्यातून वर. वारा सुटला तसे पुणेकर असे घोरायला लागले की वाडीतली वानरं रेवदंड्याला पळाली. हरेश्वरभाऊ खूश, नीराबाई खूश, आणि भिंतीचं तर पुन्हा कुणी नावच...

"आबा," टपरीच्या बाकावरून गोष्ट ऐकणारा कमलेश गवंडी मधेच म्हणाला, "वानरांचं काय बी सांगा. पन भिंतीचं खोटं बोलू नका. ती मीच घातलीय. सिमेंट कालवायला पानी दिशावयनीच आनून देत व्हती."