नापास कोण

मी तिसऱ्यांदा ज्या अनुदानासाठी अर्ज केला होता, त्याचं नाव ‘उदयोन्मुख चिकित्सक-संशोधक अनुदान’. कॅन्सरच्या रुग्णांवर संशोधन करू पाहणाऱ्या नवख्या डॉक्टरांसाठी ते असतं. शेवटच्या पदवीपासून सात वर्षं तुम्ही उदयोन्मुख असता, त्यानंतर एका सकाळी आपोआप नसता. माझं हे सातवं वर्ष होतं. नवरा म्हणायचा, सूर्यसुद्धा उगवायला इतका वेळ घेत नाही. त्याला असले विनोद झोपेतही सुचतात.

माझा विषय साधा होता. पहिलं औषध चालेनासं झालं की वयस्कर रुग्णांना आम्ही दुसरं देतो, पूर्ण मात्रेत. त्यानं तोंडाची चव जाते, बोटं बधिर होतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मग प्रत्येक डॉक्टर आपापल्या अंदाजानं मात्रा कमी करतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. निम्मी मात्रा खरंच पुरते का, हे कोणी नीट तपासलेलं नाही, कारण आपलं औषध कमी खपावं म्हणून कुठली कंपनी पैसे देईल? अनुदान मिळालं तर माझी अर्ध्या आठवड्याची ओपीडी सुटणार होती आणि हा अभ्यास सुरू होणार होता. नाही मिळालं तर ओपीडी होतीच, आणि अंदाजही होतेच.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम ठेवली. परीक्षक दोन, नवरा आणि बाबा. बाबा उभा जन्म शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी कधी कोणाला एक ग्रेस मार्क दिला नाही. “काठावर पास होण्यापेक्षा सरळ नापास व्हावं, निदान पुन्हा अभ्यास तरी होतो,” हे त्यांचं वाक्य गावभर झालेलं. मला त्यांनी स्वतःच्या वर्गात घेतलं नाही, मुद्दाम दुसऱ्या तुकडीत घातलं. आणि गेल्या वर्षीपासून बाबांना स्वतःलाच कॅन्सर आहे. उपचार माझ्याच हॉस्पिटलात, पण आमच्या मोठ्या सरांकडे. माझ्याकडे नाही.

बाबांनी कुकरशेजारचं घड्याळ समोर ओढलं आणि मान हलवली. मी सुरू केलं.

“पहिल्या उपचाराला फेल गेलेल्या वयस्कर रुग्णांमध्ये...”

बाबांनी हात वर केला. “फेल कोण गेलं?”

“रुग्ण.”

“पेपर कोणी काढला?”

“बाबा, आमच्यात असंच म्हणतात. पेशंट फेल गेला.”

“तपासला कोणी?”

“आम्हीच.”

“आणि गाठ कमी करायचं काम कोणाकडे होतं? त्याच्याकडे का औषधाकडे?”

“औषधाकडे.”

“मग औषध नापास. तो बिचारा नुसता परीक्षेचा हॉल.”

नवरा इतका हसला की त्याला परीक्षकपदावरून काढावं लागलं. मी चिडले. म्हटलं, उद्या समोर बसलेले सगळे जन्मभर फेलच म्हणत आलेत, तिथे मी नवं व्याकरण शिकवायला गेले तर हात दाखवून अवलक्षण. बाबा म्हणाले, “बरोबर उत्तराला धाडस लागत नाही, सवय लागते.” निवृत्त मास्तरांना हे असं बोलायला बंदी हवी. पण स्लाइडवरचा ‘फेल’ मी बदलला नाही.

सकाळी निघण्याआधी सह्या घ्यायला हॉस्पिटलात गेले. लिफ्टमध्ये मोठे सर भेटले.

“तुझ्या बाबांचा स्कॅन पाहिला,” ते म्हणाले. “फेल गेले. सोमवारपासून दुसरं सुरू करू. मुलाखत छान दे हं.”

लिफ्ट थांबली, ते उतरले. सर माणूस सोन्यासारखा आहे. रुग्णांशी ते खुर्ची ओढून, शेजारी बसून बोलतात. मी रुग्ण नव्हते, सहकारी होते, म्हणून मला उभ्या उभ्या ऐकण्याची सवलत मिळाली. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त होता. माझा बाप फेल गेला होता आणि हे मला माझ्याच भाषेत सांगितलं गेलं होतं.

मुलाखतीच्या खोलीत पाच जण बसले होते. त्यातल्या संख्याशास्त्रज्ञानं आधीच जाहीर केलं की एवढ्या थोड्या रुग्णांवर अभ्यास म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. मी म्हटलं, आत्ता तर आम्ही शीतही न चेपता भात वाढतोय. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. तिथवर ठीक चाललं होतं. तिसऱ्या स्लाइडवर ‘उपचाराला फेल गेलेले रुग्ण’ असं ठळक अक्षरात होतं, आणि माझ्या तोंडून आलं, “ज्यांच्या बाबतीत पहिलं औषध नापास झालं, असे रुग्ण.”

अध्यक्षांनी चष्मा वर केला. “स्लाइडवर वेगळं लिहिलंय.”

“स्लाइड चुकली आहे.”

“ही रूढ संज्ञा आहे, डॉक्टर. सगळे हीच वापरतात.”

“सगळे चुकतात, सर.”



“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय,” अध्यक्ष म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “पण भावना बाजूला ठेवली तरी औषधच नापास आहे.”

बाहेर येऊन बाकावर बसले. सात वर्षांची मेहनत मी एका शब्दापायी पाण्यात घातली, असं वाटलं. बाबांचा राग आला, सरांचा आला, सर्वांत जास्त स्वतःचा आला.

निकाल त्याच दुपारी व्हरांड्यात वाचून दाखवला. जागा पाच होत्या. माझं नाव पाचवं होतं. कारकून बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाषाशुद्धीत मार्क कापलेत तुमचे. नाहीतर दुसऱ्या होता.” मी त्यांना मिठी मारली. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

घरी आले तेव्हा बाबा बाल्कनीत मटार सोलत बसले होते.

“काय झालं?”

“पास.”

“किती मार्कांनी?”

“काठावर. शेवटची जागा. तुमच्या व्याकरणानं मार्क खाल्ले.”

बाबांनी सोलता सोलता माझ्याकडे पाहिलं. आता ते काय म्हणणार, हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण ते माझा चेहरा वाचत राहिले. मास्तरांच्या नजरेतून कॉपी सुटत नाही.

“अजून एक निकाल आहे ना?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. खुर्ची ओढून शेजारी बसणं मला जमलं नाही.

“बाबा, औषध नापास झालं.”

“माझं?”

“हो. तुम्ही नाही, औषध.”

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे भांड्यात टाकले, साल पिशवीत टाकलं.

“मग आता ते दुसरं. बटणांचं.”

“हो. सोमवारपासून.”

“तुझ्या अभ्यासात बसतो का मी? निम्म्या मात्रेत?”

“संशोधकाचे नातेवाईक चालत नाहीत. नियम आहे.”

“चांगला नियम आहे,” बाबा म्हणाले. “मीही तुला माझ्या वर्गात घेतलं नव्हतं.”

मला तेव्हा रडू आवरलं नाही. त्यांनी मला रडू दिलं आणि मटार सोलत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी भांडं खाली ठेवलं, शर्टाचं वरचं बटण काढलं, परत लावलं, पुन्हा काढलं.

“मोठ्या सरांना मात्रा निम्मी करायला सांगशील?” ते म्हणाले. “या खेपेला काठावर पास झालो तरी चालेल मला.”