उभी राहिलेली विळी

मी एक जुनी विळी आहे. मित्रांनो, माझ्याजवळ बसायचं तर बोटं सांभाळून बसा. माझा स्वभाव मुळातच तिखट आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे.

आधी मी टेंभुर्णीच्या रस्त्यावर धावणाऱ्या एका ट्रकच्या स्प्रिंगचा लोखंडी पाटा होते. ट्रक उलटला, मोडीत निघाला. मग लोहाराने मला भट्टीत लाल केलं आणि ऐरणीवर असं बदडलं, की मी माझी राहिले नाही. शेवटी मला बाभळीच्या पाटावर ठोकून बसवलं. सोलापूरच्या बाजारातून गुरम्माने मला घरी आणलं. तेव्हा ती नवी नवरी होती.

गुरम्मा मला चिंचेने घासायची, कोरडी पुसायची आणि काम संपलं की पातं भिंतीकडे करून आडवी पाडायची. उभी विळी घरात भांडण आणते, असा तिचा पक्का समज. मला या समजाचं हसू यायचं. मी आडवी पडलेली असतानाच तर तिचा नवरा संगप्पा तिला पट्ट्याने फोडून काढायचा! तिच्या रक्ताचे डाग माझ्या पाटात मुरले आहेत.

संगप्पा गेला आणि मुलगा शिवकुमार बापाच्या वळणावर गेला. त्याची बायको अक्षता मार खायची, तेव्हा गुरम्मा देवघरात बसून मोठमोठ्याने शिवाचं नाव घ्यायची. मला तिचा फार राग यायचा. पुढे घरात सुऱ्या आल्या आणि मी ओट्याखाली गंजत पडले.

यंदा होळी झाली, ऊन तापलं आणि गुरम्माचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या सुजल्या, भाकरी गिळवेना. अक्षताने तिच्यासाठी पास्ता करायचं ठरवलं. घेवडा अगदी बारीक चिरायला तिला मीच आठवले; माझा गंज घासून तिने मला धार लावली. कोवळा घेवडा, गाजर, कांद्याची पात... कितीतरी दिवसांनी माझ्या पात्याला ओल लागली. मी सुखावले. लसणाची फोडणी बसली, मटार शिजले, मऊ उकडलेला पास्ता त्यात पडला. अक्षताने सासूच्या रिवाजाप्रमाणे मला आडवी पाडलं.

तेवढ्यात शिवकुमार जेवायला आला.

"भाकरी कुटं हाय?"

"आत्याबाईंना चावत न्हाय, म्हणून आदी ह्ये केलं. थापते की आता."

त्याने कढई उचलून भिंतीवर भिरकावली. गरम पास्ता अक्षताच्या दंडावर उडाला. ती ओरडायच्या आत त्याने तिचे केस धरले आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. त्याने पुन्हा डोकं मागे ओढलं. आता ही मरते, असं मला वाटलं.

देवघरातलं नामस्मरण थांबलं. गुरम्मा बाहेर आली. तिने पायाने मला ओढलं, दोघांच्या मध्ये उभी केलं आणि माझ्या पाटावर बसली. माझं पातं थेट मुलाच्या समोर.

"बा," तिने कन्नडमध्ये 'ये' म्हटलं, मग मराठीत बोलली. "ये की म्होरं. तुज्या बापाचं लई सोसलं मी. तुजं न्हाय सोसायची."

"आई, ऊठ तितनं."

"सोड तिला."

मला बाजूला सारायला त्याने रागाने पाऊल पुढे टाकलं. माझी धार त्याच्या अंगठ्यात शिरली. गुरम्माची पापणीही हलली नाही. शिवकुमारने पायाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि अक्षताचे केस सोडले. रक्ताचे ठसे उमटवत तो बाहेर गेला.

गुरम्माने सुनेच्या दंडावर गार पाणी ओतलं, भुवईवर पदर दाबून धरला. कढईच्या तळाशी थोडा पास्ता उरला होता. तो तिने सुजल्या तोंडाने सावकाश खाल्ला.

"मऊ झालाय," ती म्हणाली आणि रडू लागली.

अक्षता मला आडवी पाडायला वाकली.

"ऱ्हाऊ दे उबी," गुरम्मा म्हणाली.

तेव्हापासून शिवकुमारच्या गाडीचा आवाज आला, की गुरम्मा माझ्यावर येऊन बसते आणि काकडी चिरायला घेते. तो मान खाली घालून जेवतो.

मित्रांनो, मला धार लावा, कोरडी पुसा, काम झालं की आडवी पाडा. मला घेवडा चिरायला आवडतो, माणूस नाही. पण तुमच्या घरात कुणाचा हात कुणावर उठत असेल, तर तो आधी खाली आणा. तोवर मला आडवी पडून झोप लागायची नाही.