भाऊजींच्या स्वभावाची तपासणी

छोटी मानसशास्त्र विभागात शिकवायची. निवडणुकीला उभ्या असलेल्या नेत्यांचे स्वभाव त्यांच्या बोलण्यावरून पारखायचं काम विभागाने हाती घेतलं होतं. दुसऱ्यांनी लिहून दिलेली भाषणं बाजूला ठेवायची आणि अचानक आलेल्या प्रश्नाला माणूस काय उत्तर देतो, दोष कुणाच्या माथी मारतो, विरोधकाबद्दल कसा बोलतो, ते बघायचं. त्या नेत्यांत तिच्या ताईचा नवराही होता. आपला हात त्यात नको म्हणून छोटीने भाऊजींच्या मुलाखती नाव-गाव खोडून सहकाऱ्याकडे सोपवल्या. त्याला सगळे दाढी म्हणत.

काम उरकल्यावर दाढी म्हणाला, "हा जो कोण आहे ना, तो अपमान विसरणाऱ्यातला नाही. आणि संशय सगळा जवळच्यांवर. ह्याच्या घरात राहणाऱ्यांचं कठीण आहे बुवा."

ताई हल्ली फोनवर कुजबुजत बोलायची.

त्या रविवारी भाऊजींनी जेवायला बोलावलं.

"काय मेहुणीबाई, आमच्या डोक्याचं माप घेतलंत म्हणे?" त्यांनी हसत स्वतःच तिच्या ग्लासात पाणी ओतलं. "काय निघालं?"

हे बाहेर फुटलं कसं? थट्टेवारी न्यावं, तर ते रोखून बघत होते. वाढता वाढता ताईचा हात तसाच थांबला.

"तुम्ही कुणावर पटकन विश्वास टाकत नाही, असं निघालं, भाऊजी."

"असं कोण म्हणतं?"

खरं की खोटं, हे त्यांनी विचारलंच नाही. दाढीच्या मुली अजून शाळेत होत्या.

"मीच. सगळं मीच तपासलं."

"बरं." ते पुन्हा जेवू लागले. ताईकडे न बघता म्हणाले, "भाजी वाढ तिला."

निघताना दारात ताईने तिचा दंड घट्ट धरला. "खोटं कशाला बोललीस गं? तुझ्या त्या दाढीवाल्याला ह्यांच्या माणसांनी सकाळीच उचललंय. ह्यांना सगळं माहीत होतं. तुला नुसतं चाचपून बघत होते."

छोटीने तिलाच बाहेर ओढलं. "मग तूही चल. अशीच, आत्ता."

"मी जिना उतरले तरी कळतं त्यांना," ताई म्हणाली. आतून हाक आली, तशी तिने दार लोटलं.

दाढी दोन दिवसांनी परतला. अंगावर ओरखडाही नव्हता, पण अहवालावरून आपलं नाव काढ, एवढंच तो बोलला. विभागप्रमुखांनीही अंग काढून घेतलं. छोटीने एकटीच्या नावावर अहवाल वर्तमानपत्राला दिला. तो छापून आला, लोकांनी चार दिवस चघळला, आणि भाऊजी निवडून आले.

तिला कुणी बोलावलं नाही, धमकावलं नाही. त्याचीच तिने जास्त धास्ती घेतलीये. घरी आली की आधी सगळ्या खोल्यांत डोकावते, दाराला कडी घालते आणि ताईला फोन लावून बघते. तो लागत नाही.